चौघांनी लिहिलेली कबुली

त्या चार कागदांचा मला अजून राग येतो. म्हणजे ते छापून आणणाऱ्याचा, त्यांवर लाल रेघा ओढणाऱ्याचा, आणि ते टेबलावर पडलेले असताना मांडीवर हात ठेवून गप्प बसलेल्या माझा. इतकी वर्षं झाली तरी विषय निघाला की माझा आवाज चढतो. बायको म्हणते, आता सोडा ना ते. मला नाही सोडता येत.

मी भंडाऱ्यातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचो. घरात तीन पिढ्यांचा ख्रिस्ती धर्म, त्यात तरुणपणी दोन वर्षं धर्मशिक्षणाच्या शाळेत काढलेली, म्हणून आमच्या चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांनी एक वर्ग माझ्या गळ्यात घातला. विषय ख्रिस्ती नीतिशास्त्र. विद्यार्थी अकरा, सगळी कामाधंद्याची मोठी माणसं. गावोगाव फिरून उपदेश करणारे सुवार्तिक होते, दवाखान्यातल्या नर्सबाई होत्या, दोन शिक्षक होते. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला त्याला तेव्हा दहाएक वर्षं झाली होती, पण आमच्या मंडळींचं वर्तुळ काही तुटलं नव्हतं. माणसं पार तिकडून एसटीनं यायची, त्यामुळे महिन्यातून दोनच शनिवार वर्ग भरायचा.

आणि वर्ग तरी कसला? मी बोलायचो, ते वहीत उतरवायचे. कोणताही पेच विचारा. शेजाऱ्यानं तुमचा धुरा, म्हणजे बांध, फोडून जमीन नांगरली, काय कराल? प्रार्थना करू, सर. साहेबानं खोट्या कागदावर सही मागितली तर? प्रार्थना करू. अकरा माणसांचं एकच उत्तर, तेही मान खाली घालून. अरे, प्रार्थना करा, पण त्यानंतर सही करणार की नाही ते तर सांगा! ते कोणी सांगत नसे.

त्याच सुमारास कॉलेजात इंटरनेट आलं आणि एका सहकाऱ्यानं मला ब्लॉग म्हणजे काय ते दाखवलं. मला वाटलं, हेच पाहिजे. दोन शनिवारांच्या मधले दिवस वाया जाणार नाहीत आणि तोंडावर बोलायला लाजणारी माणसं लिहून तरी बोलतील. मी वर्गाचा एक ब्लॉग काढला, त्यावर लिहायचा एकच पासवर्ड सगळ्यांना दिला आणि नियम घातला. एका विषयावर एकच लेख. सुरुवात एकानं करायची, दुसऱ्यानं त्याच्या खाली आपल्या आयुष्यातलं जोडायचं, मग तिसऱ्यानं. कोणी नाव घालायचं नाही. ज्यांना कॉम्प्युटर जमत होता ते साकोलीच्या नाहीतर मोहाडीच्या सायबर कॅफेत बसून टाइप करायचे. बाकीचे मला हातानं लिहिलेले कागद आणून द्यायचे आणि मी ते चढवायचो.

पहिले दोन-तीन लेख नुसत्या साक्षी झाल्या. चर्चमध्ये रविवारी साक्ष द्यायची आमची पद्धत आहे. उभं राहायचं आणि सांगायचं, मी असा असा पापी होतो, प्रभूनं मला बाहेर काढलं. तेच सगळ्यांनी लिहिलं. मी वर्गात चिडलो. म्हटलं, ही सुटलेली गणितं मला नकोत. जिथं तुमचं अजून अडलेलं आहे ते लिहा. मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं मी ते.

पुढचा विषय होता आईबापांचा मान राखण्याची आज्ञा आणि मूर्तीपुढे न वाकण्याची आज्ञा, या दोन्ही एकाच वेळी समोर आल्या तर काय करायचं. सुरुवात एका मुलीनं केली. मुलगी म्हणजे चोवीस-पंचवीस वर्षांची. मोहाडीकडच्या एका खेड्यातली, घरचे सगळे बौद्ध. शिक्षणासाठी मुलींच्या ख्रिस्ती वसतिगृहात राहिली, वाचत गेली, विचार करत गेली, आणि कायद्यानं सज्ञान झाल्यावर आपल्या मनानं बाप्तिस्मा घेतला. घरच्यांनी अडवलं नाही. त्याच वसतिगृहात ती आता मदतनीस होती. जुन्या अधीक्षिकाबाई जूनमध्ये निवृत्त व्हायच्या होत्या आणि त्यांची जागा हिला मिळणार हे जवळपास ठरलेलं होतं. अडत होतं ते पंचांच्या एका पत्रावर. ही आमच्या मंडळीची चांगल्या वर्तणुकीची सभासद आहे, प्रभुभोजन घेते, एवढं त्यांनी लिहून द्यायचं होतं. त्या पत्रावर तिची नोकरी, तिची राहायची खोली, सगळंच होतं.

तिनं लिहिलं ते असं. आजोबा वारले तेव्हा मी मोहाडीकडे घरी गेले. सगळे बुद्धवंदनेला उभे राहिले. आई म्हणाली, तूही उभी राहा, तुला खांद्यावर बसवून त्यांनीच शाळेत नेलं होतं. मी उभी राहिले, हात जोडले, सगळ्यांबरोबर म्हटलं. माझ्या मनात त्या वेळी फक्त आजोबा होते. मी चुकले का, हे मला अजून कळलेलं नाही.

मी ते वाचून खुर्चीतून उठलो. वर्षभरात पहिल्यांदा कोणीतरी खरं बोललं होतं.

तिच्यामुळे बाकीच्यांची बोटं सुटली. सानगडीच्या एका सुवार्तिकानं कागद दिला. तो मूळचा शेतकरी घरातला, भाऊ अजून हिंदूच. भावाच्या घरी नवस फेडला तेव्हा प्रसाद नाकारला असता तर वहिनी रडली असती, म्हणून मी खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच गावात उपदेश केला. मग एका नर्सबाईनं लिहिलं. माझ्या पोराचा ताप आठ दिवस उतरेना. मी स्वतः लोकांना औषधं देते, तरी सासूच्या म्हणण्यानं त्याला गावच्या भगताकडे नेलं, अंगारा लावला, आणि कोणाला सांगितलं नाही. या दोघांचे कागद मीच चढवले.

आणि चौथा परिच्छेद माझा. कॉलेजच्या नव्या इमारतीच्या पूजेला प्राचार्यांनी माझ्या हातात नारळ दिला. सगळा स्टाफ पाहत होता. मी फोडला, तीर्थ घेतलं, घरी येऊन बायकोला म्हटलं की आज मीटिंग लांबली. हे मी लिहिलं, नाव न घालता, आणि स्वतःवर फार खूश झालो. गुरूही शिष्यांच्या ओळीत उभा राहतो वगैरे.

आता हे चार परिच्छेद एकाखाली एक ठेवून कोणीही वाचावे. शाळकरी पोराला कळेल की ही चार वेगळी माणसं आहेत. आमच्या मुख्य पंचांना नाही कळलं. किंवा कळून घ्यायचं नव्हतं. त्यांचा पुतण्या नागपूरला होता, त्याच्या नजरेला तो ब्लॉग पडला, त्यानं छापला आणि काकांकडे पाठवून दिला. काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, हातात कागद आला की लाल पेन उघडणारे. आजोबा, मोहाडीकडचं गाव, वंदना, एवढं वाचल्यावर सुरुवात कोणाची ते ओळखायला वेळ लागला नाही. आणि साक्ष एकाची असते हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. म्हणून चारही पानं तिच्या नावावर गेली.

एका रविवारी उपासनेनंतर त्यांनी वर्गाला चर्चच्या मागच्या खोलीत थांबवलं. आम्ही सात-आठ जण होतो. नर्सबाई होत्या, सुवार्तिक होता, मी होतो, ती होती. टेबलाच्या पलीकडे मुख्य पंच आणि पाळक, म्हणजे आमचे पाद्री. पाळकांनी छोटी प्रार्थना केली आणि मग शेवटपर्यंत चष्मा पुसला.

"हे तू लिहिलंस ना?" पंचांनी कागद तिच्याकडे वळवला.

"आजोबाचं माहं आहे, काका," ती म्हणाली.

"आणि हे? 'माझ्या पोराचा ताप उतरेना.'" त्यांनी लाल रेघेवर बोट ठेवलं. "हे पोर कोणाचं?"

खोलीतल्या प्रत्येकाला ती बिनलग्नाची आहे हे माहीत होतं. तिच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर त्या पंचांचीच सही होती.

"मले पोरगा नाई हे तुमाले माहीत नाई का जी?"

"मला काय माहीत असणार? तू लिहिलंस ते मी वाचून राहिलो."

मी म्हणालो, "साहेब, हा सगळ्यांनी मिळून केलेला अभ्यास आहे. ही हिच्या एकटीची गोष्ट नाही."

"ठीक आहे सर. मग सांगा, कोणाचं कोणतं?"

हातानं लिहिलेले ते दोन कागद माझ्या पिशवीत होते. त्या क्षणी, पायाशी ठेवलेल्या उघड्या पिशवीत. मी ते काढले नाहीत. मी मनाशी म्हटलं, विद्यार्थ्यांनी विश्वासानं लिहिलेलं असं उघड करायचं नसतं. म्हटलं, सुवार्तिकाचा पगार या लोकांच्या हातात आहे. सगळी कारणं चांगली होती आणि सगळी नीतिशास्त्रातच बसत होती. पण माझा परिच्छेद? त्याला कोणत्या विश्वासाची अडचण होती? तो तर मला सांगता येत होता. मला लाज वाटत होती, एवढंच त्याचं कारण. पुढच्या महिन्यात मलाही पंच म्हणून घ्यायचं चाललं होतं, तेही डोक्यात होतंच.

ती म्हणाली, "हात जोडले ते माहे होते. बाकीचं ज्याचं असन तो सांगन."

आणि ती थांबली. कोणाची अडचण व्हायला नको म्हणून तिनं कोणाकडे वळून पाहिलं नाही. नर्सबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. सुवार्तिक छताकडे पाहत होता. मी टेबलाकडे. बाहेर मंडळींचा चहा चालला होता, कपांचा आवाज येत होता.

"तुला नावं माहीत आहेत?" पंचांनी विचारलं.

"माहीत हायेत. मी नाई सांगणार."

सहा महिने शिस्तीखाली, असा निर्णय झाला. आमच्यात ही जुनी शिक्षा आहे. प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला मिळत नाही, आणि शेवटच्या बाकावर बसायचं. ज्याला शिक्षा झाली त्याला पत्र कुठलं? जूनला वसतिगृहात दुसऱ्या बाई आल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी, आणि चोर फाशी पाहायला रांगेत उभे.

त्या रविवारनंतरच्या बुधवारी बायकांच्या प्रार्थनेत विषय निघाला. आमच्यात चहाडी करायची झाली तर तिला प्रार्थनेचा विषय म्हणतात. आपल्या एका बहिणीसाठी विनंती करू या, तिचं लेकरू कुठं ठेवलं आहे कोणास ठाऊक, प्रभू त्या लेकराची काळजी घेवो. माझी बायको तिथं होती, तिनं घरी येऊन सांगितलं. डोळे मिटून हे बोलणाऱ्या बायका त्या मुलीच्या हातचं जेवलेल्या होत्या. मी त्या संध्याकाळी ब्लॉग उघडला आणि सगळा पुसून टाकला. जणू तो पुसल्यानं काही होणार होतं.

पंधरा दिवसांनी त्या मुलीची आई कॉलेजच्या फाटकाशी उभी. मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"तुमीच का जी ते सर?"

मी हो म्हटलं. आत या म्हटलं. ती आली नाही.

"माह्या पोरीनं माह्या सासऱ्यासाठी हात जोडले. मीच तिले म्हटलं, उभी राह्य. तुमच्या देवाले त्याचा राग आला असन त मले सांगाचं होतं. तिले लेकरू कायले चिकटवलं?"

"मी ते सगळं पुसून टाकलं आहे, बाई."

"मशीनमंदलं पुसलं. गावात कसं पुसता? मोहाडीच्या बाजारात मले एका बाईनं इचारलं, नातू कोणाजवळ ठेवला म्हणून." तिचा आवाज वाढला, फाटकावरचा शिपाई बघायला लागला. "कोणाचं होय ते लेकरू?"

मी शिपायाकडे पाहिलं.

"माहीत हाय तुमाले. तोंडावर दिसून राहिलं," ती म्हणाली, आणि आली तशी बसस्टँडच्या दिशेनं निघून गेली. पोरीनं तिलाही नावं सांगितली नव्हती.

मी नर्सबाईंच्या घरी गेलो. त्या रडल्या, म्हणाल्या, सासू आहे, नवरा आहे, दवाखान्यातली नोकरी आहे, सर, मले थोडा वेळ द्या. सुवार्तिकानं सरळ हात जोडले. "माह्या तीन पोरी हायेत. मले रस्त्यावर आणू नका." मी त्यांच्यावर ओरडणार होतो. कोणत्या तोंडानं ओरडायचं? माझ्याकडे ना सासू होती, ना तीन पोरी.

म्हणून पुढच्या रविवारी साक्षीच्या वेळी मी उभा राहिलो आणि नारळ, तीर्थ, बायकोला मारलेली थाप, सगळं सांगितलं. त्या कागदांवरचा शेवटचा परिच्छेद माझा आहे, म्हटलं. त्या मुलीला जी शिक्षा झाली तीच मला व्हायला पाहिजे. मला वाटलं, आता चर्चचं छप्पर खाली येणार.

चर्चमध्ये "प्रभूची स्तुती असो" झालं. दोन-चार म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. मुख्य पंच उठून म्हणाले, सरांसारख्या विद्वान माणसाची ही नम्रता आपण सर्वांनी शिकण्यासारखी आहे. आणि पुढचं गीत सुरू झालं.

बाहेर मी त्यांना गाठलं. ते बशीत चहा ओतत होते.

"माझे सहा महिने कधीपासून?"

"काय सर तुम्ही!" ते हसले. "नोकरी आहे ती. प्राचार्यांसमोर काय, नाही म्हणणार होते? मी कचेरीत होतो तेव्हा दर दसऱ्याला कपाटाला हार घालायचो, कुंकू लावायचो. साहेबाच्या डोळ्यावर यायचं का आपण?"

"मग तिनं काय वेगळं केलं?"

त्यांनी बशी खाली ठेवली. आवाज उतरवला, घरच्या माणसाशी बोलतात तसा. "सर, तुमच्या-आमच्या तीन-तीन पिढ्या झाल्या. आपण नारळ फोडला तरी आपण इथलेच. ती काल आलेली. तिचं मन अजून तिकडंच ओढत असणार. तिला सैल सोडून चालत नाही."

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मी ऐकत आलो होतो. पण तिला कार्टं ठरवायला इतकं सोपं कारण असेल असं वाटलं नव्हतं. मी त्या अंगणात त्यांना काय काय म्हणालो ते लिहीत नाही. मोठ्यांदा म्हणालो एवढं खरं. लोकांनी कप हातात धरून ऐकलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "बरं सर, ते लेकरू कोणाचं, हे तुम्ही अजून सांगितलं नाही." मी त्यांच्या बशीकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली आणि उरलेला चहा प्यायला.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. मी ठरवूनच गेलो. नेहमीची पुढची जागा सोडली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. ती तिथं होती, मांडीवर गीतांचं पुस्तक. दर रविवारी यायची ती. तेव्हा ती कारध्याला एका मैत्रिणीकडे राहत होती आणि नदीवरचा पूल ओलांडून पायी यायची. वसतिगृहाची खोली गेली होती.

मी शेजारी बसलो तशी ती हळूच म्हणाली, "सर, पुढं जा."

"नाही. मी इथंच बसणार. जोपर्यंत तू इथं आहेस तोपर्यंत."

"काहून?"

मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. मी म्हणालो, "तुझ्या बाजूनं कोणीतरी आहे हे दिसलं पाहिजे."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. त्या खोलीत पाहिलं नव्हतं तसं. "मले इथं बसवलं हाय, सर. तुमी आपल्या मनानं येऊन बसले. मन भरलं का उठून जान." पुस्तकाचं पान तिनं बोटानं धरून ठेवलं होतं. "माह्या बाजूले बसाचं होतं त त्या दिवशी बसाचं होतं. तुमच्या थैलीत कागद होते. मले दिसून राहिले होते."

तिनं डोळे पुन्हा पुस्तकावर नेले. हे ती रागानं म्हणाली नव्हती.

पुढून भाकरीचं ताट निघालं. ते घेऊन मुख्य पंच स्वतः येत होते, एकेका बाकाशी थांबत. आमच्या बाकाशी आले. वाटेच्या कडेला ती बसली होती, मी आत. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. वाकून ताट तिच्या तोंडासमोरून माझ्यापर्यंत नेलं. मी मान हलवली.

"घ्या सर," ते पुटपुटले, "सगळे थांबले आहेत."

ताट अधांतरी होतं, त्यांचा हात ताणलेला. त्यांना नीट पोचता यावं म्हणून ती पाठ टेकून मागं सरकली. सगळं चर्च वळून पाहत होतं. मी तुकडा घेतला.